चार्जिंग कमी हाय

लातूरच्या खाडगाव रोडला, आतल्या गल्लीत, गुरुपादप्पांचं मुलींचं वसतिगृह आहे. तीन मजले, बेचाळीस मुली आणि त्या बेचाळीस जणींना सांभाळायला एकट्या शिवकांताबाई. पहाटे मुलींना उठवायचं, पाण्याची मोटार लावायची, कुणाला ताप आला तर रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचं, असली सगळी कामं त्यांचीच. पण पालकांमध्ये त्यांचं नाव झालं होतं ते निराळ्याच कामामुळे. बेचाळीस मुलींचे बेचाळीस फोन त्यांच्या ताब्यात असत.

प्रवेशाच्या दिवशी मुलीनं फोन काकूंच्या हातात ठेवायचा. काकू त्यावर नावाची पट्टी चिकटवणार आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावणार. रविवारी चारला कपाट उघडायचं, पाचला बंद. लातूरला डॉक्टर व्हायला आलेल्या मुलीला आठवड्यातून एक तास फोन पुरे, असं पालकांचं मत. मुलींचं मत कुणी विचारलेलं नव्हतं.

पण तो एक तास मुलींना भरलेला फोन मिळे. अगदी शंभर टक्के. याला कारण होतं शिवकांताबाईंचं उदगीरचं माहेर. रिकामं भांडं परत करू नये, हे त्यांना तिथं परकर नेसायच्या वयात शिकवलेलं. शेजारणीनं वाटीभर आमटी दिली तर वाटी नुसती धुऊन द्यायची नाही. चिमूटभर साखर, चार शेंगदाणे, काहीतरी घालूनच द्यायची. फोन झाला म्हणून काय झालं? दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात आहे, ती परत देताना रिकामी कशी द्यायची? म्हणून दर शनिवारी त्या कपाट उघडायच्या, तीन बोर्ड जोडायच्या आणि एकेक करून सगळे फोन भरून काढायच्या. शंभर दिसल्याशिवाय पिन काढायच्या नाहीत. पुष्कळदा तर शंभर झाल्यावरही तास दोन तास राहू द्यायच्या, ‘मुरू दे’ म्हणून. पहिला साधा फोन घेतला तेव्हा दुकानदारानं सांगितलं होतं, आठ तास लावा, तरच बॅटरी तयार होते. त्यात उदगीरचं लोडशेडिंग. लाईट आली की आधी फोन लाव, मग गिरणीत जा, अशी सवयच हाडीमाशी खिळलेली.

स्वतःच्या फोनचे मात्र हाल. बोर्डाच्या बारा भोकांवर मुलींचा हक्क, मग काकूंचा फोन स्वयंपाकघरात मिक्सर लावायच्या जागी अर्धा-पाऊण तास लागायचा. चटणी वाटायची वेळ झाली की निघायचा. पन्नास झालेत की सत्तर, त्या बघतही नसत. असा तो फोन चार वर्षं चालला होता.

तसं त्यांना त्या फोनवर एकच काम असे. रविवारी पाचला कपाट बंद केलं की सव्वापाचला त्या हैदराबादला सोमेशला फोन लावत.

सोमेश एकुलता एक. त्याचा बाप उदगीरला किराणा दुकानात होता. तो गेला तेव्हा सोमेश नववीत. दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले आणि सगळ्या भावकीनं सांगितलं, याला लातूरला घाला. शिवकांताबाईंनी नुसतं घातलं नाही, स्वतःही मागोमाग आल्या. एक खोली घेतली, डबे करून द्यायला लागल्या. पोराला काही कमी पडू दिलं नाही. पंख्याचं तोंड त्याच्याकडे, भाकरीवर तूप त्याच्या, भिजवलेले बदाम त्याचे. चुलतबहिणीचं लग्न आलं, त्याला नेलं नाही. बसवजयंतीची मिरवणूक दारावरून गेली, त्याला खिडकी उघडू दिली नाही. दर रविवारी क्लासची परीक्षा, दर सोमवारी निकाल. पोरगं ताटावर बसलं की पहिला घास तोंडात जायच्या आधी त्या विचारत, “किती पडले?” आणि तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहीत. आकडा कमी असला तरी त्या कधी ओरडल्या नाहीत. नुसत्या लिहायच्या. सोमेश त्या आकड्याकडे पाठ करून जेवायचा.

बारावीच्या वर्षी डॉक्टरकीची परीक्षा दिली, जमलं नाही. दुसऱ्या वर्षी थोडक्यात राहिलं. तिसऱ्या वर्षी तो पेपर कोरा ठेवून बाहेर आला आणि आठ दिवसांनी एक बॅग घेऊन हैदराबादला गेला. तिथं औषधांच्या गोदामात कामाला लागला. भांडला नाही, रडला नाही, ताकास तूर लागू दिली नाही. जाताना पाया पडला आणि गेला. शिवकांताबाईंनी दोन महिने वाट पाहिली, मग खोली सोडली आणि गुरुपादप्पांकडे कामाला लागल्या. गुरुपादप्पा लांबच्या नात्यातले, शिवाय जाणते. त्यांनी काही विचारलं नाही.

याला चार वर्षं झाली. चार वर्षं दर रविवारी सव्वापाचला फोन.

“जेवलास का?”

“हाव.”

“काय खाल्लास? पगार किती झाला आता? यंदा फॉर्म भरतोस का रं? अजून वय हाय.”

मग, “अव्वा, चार्जिंग कमी हाय. ठेवतो.”

बाईंचा यावर पूर्ण विश्वास. परक्या गावात, पाच जणांच्या खोलीत, पोराला पिन लावायला जागा मिळत नसेल. आपल्याला कुठं मिळते? पहिल्या वर्षी त्यांनी ओळखीच्या माणसाबरोबर नवा चार्जर पाठवला. दुसऱ्या वर्षी पॉवर बँक पाठवली, सोबत खारे शेंगदाणे. शेंगदाणे मिळाल्याचं सोमेशनं सांगितलं. चार्जिंग मात्र कमीच राहिलं.

त्यांना वाईट वाटत होतं का? खरं सांगायचं तर नाही. त्यांना काहीच वाटत नव्हतं. सकाळी आंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायच्या, विभूती लावायच्या, त्या वेळीही मन कुठं जायचं नाही. जेवण बेचव लागत नव्हतं, गोडही लागत नव्हतं. एखाद्या अवयवावर खूप वेळ बसलं की तो बधिर होतो आणि मग तो आपलाच आहे की नाही ते कळत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. मुली म्हणायच्या, काकू लई शांत हायेत. बाई ऐकून घ्यायच्या.

यंदा मार्चमध्ये पालकांची बैठक झाली. परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, तोवर रविवारचा तासही बंद करा, असं ठरलं. घरी बोलायचं तर ऑफिसातल्या साध्या फोनवरून दोन मिनिटं. लोह्याकडचे अण्णाराव सगळ्यात मोठ्यानं म्हणाले, “बंदच करा. पोरीचं ध्यान हटाया नगं.” त्यांची तनुजा वर्गात पहिल्या पाचात होती. ती खाली मान घालून अंगठ्याचं नख खरवडत बसली होती.

तर दोन महिने फोन कुणाच्याच हातात गेले नाहीत. पण शिवकांताबाईंचा शनिवार चुकला नाही. उलट जोर वाढला. परीक्षेच्या दिवशी पोरी दमून येतील, हातात फोन घेतील, तेव्हा तो मेलेला निघाला तर? जरा ब्याण्णव-त्र्याण्णवला उतरला की पुन्हा शंभर. कव्हरांसकट, तसेच एकावर एक, नजर फक्त आकड्यावर. आणि वर पत्रा. लातूरचा एप्रिल म्हणजे काय ते लातूरकरांना सांगायला नको. त्या खोलीत दुपारी पाऊल ठेवलं की चपलेतून चटका बसायचा.

करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. परीक्षेच्या संध्याकाळी मुली परत आल्या, जिन्यात रांग लागली. बाईंनी कपाट उघडलं, पहिला फोन हातात घेतला, तर त्याची पाठ तव्यावरच्या भाकरीसारखी वर आलेली. पट्टीवरचं नाव ताणलं गेलेलं. दुसरा बरा होता. तिसऱ्याची काच एका बाजूनं उचलली होती आणि फटीतून आतलं काळं दिसत होतं. सगळे मिळून अकरा फोन निघाले तसले.

आरडाओरडा झाला. एक मुलगी रडायलाच लागली. पेपरपेक्षा फोनसाठी जास्त. आलेल्या पालकांपैकी एक जण म्हणाला, “ह्यो सांभाळ म्हनायचा का?” गुरुपादप्पा खालून वर आले, कपाळाचा घाम पुसत त्यांनी फोन एकेक करून पाहिले. “शिवकांताबाई, तुम्ही तर लई जपत होता की,” एवढंच ते बोलले. बाई म्हणाल्या, “हाव, जपतच होते.” आणि पुढचं नाव वाचायला लागल्या.

तनुजाचा फोन चांगल्यांत निघाला. तिनं तो घेतला आणि तिथंच, कपाटाला टेकून, वडिलांना लावला. पोरीच्या चेहऱ्यावर दिवसाचा सगळा शीण होता, तरी ओठ जरा हसत होते.

“बापू, मी तनू.”

पलीकडचा आवाज मोठा. बाईंना हातभर अंतरावरून सगळं ऐकू येत होतं. “हां, किती येतेत?”

“बापू, आत्ताच आलोय आमी...”

“तेच की. अंदाजे किती? सहाशेच्या वर जातेत का? तपासलीस का न्हाई?”

तनुजाचं हसू गेलं. ती जिन्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बापू, चार्जिंग कमी हाय. ठेवते.”

आणि ठेवला. ठेवताना पडदा उजळला. वरच्या कोपऱ्यात शंभर होतं. कालच बाईंनी स्वतःच्या हातानं केलेलं शंभर.

तनुजानं मान वर केली तर काकू त्याच कोपऱ्याकडे बघत होत्या. पोरगी कानापर्यंत लाल झाली. “काकू, ते...”

“जा बाई,” शिवकांताबाई म्हणाल्या. “हातपाय धू. जेवण वाढलंय.”

मग त्यांनी पुढचं नाव वाचलं. ते त्यांनी दोनदा वाचलं, असं त्या नावाच्या मुलीनं नंतर खाली सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सोमवारी अकरा फोन पिशवीत घालून बाई गंजगोलाईत गेल्या. तिथं एका बोळात वर्षाराणीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग आणि वर फिरणारा टेबलफॅन. पोरगी बिलोलीकडची, तिशीच्या आतली, बोलायला फटकळ. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिशवी हलकेच दोन्ही हातांनी उचलून वाळूच्या बादलीजवळ ठेवली.

“मावशी, दाबू नगा कुणीच. आन् हे सगळे एकदम कसे फुगले? कुठं ठेवले हुते?”

“गच्चीवर. कपाटात.”

“पत्र्याखाली? आन् चार्ज?”

“शंभर. दर शनिवारी. कधी कमी ठेवला न्हाई मी.” हे सांगताना बाईंच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

वर्षाराणीनं कपाळाला हात लावला. “तितंच घोळ झाला की! वापरायचा न्हाई आन् शंभरवर धरून ठिवायचा, ते बी उन्हात. मावशी, शंभर म्हंजे बॅटरीवर लई ताण असतोय. माणूस शंभर करतो, घंटाभरात वापरतो, ते चालतंय. पण कायमच शंभरवर टांगून ठिवला की आतल्या आत खराब होतो, वायू धरतो. निसतं पडून हाय, काई काम न्हाई, तरी बी.”

“आमाला कसं कळावं? वरून तर कायच दिसलं न्हाई.”

“कसं दिसंल? पडद्यावर तर शंभरच दिसतंय.”

शिवकांताबाई स्टुलावर बसल्या. फॅन वळून त्यांच्याकडे आला, पुन्हा गेला.

“मग रिकामा ठेवायचा का?” त्यांनी विचारलं.

“रिकामा बी न्हाई. शून्य करून महिना महिना ठिवला तर मरतोच. कपाटात ठिवायचा असंल तर निम्मा भरायचा, बंद करायचा, थंड जागंला ठिवायचा. आन् रोज वापरायचा असंल तर वीसाखाली जाऊ द्यायचा न्हाई आन् ऐंशीच्या वर कोंबायचं न्हाई. अति तिथं माती, दुसरं काय.” तिनं हात पुढे केला. “तुमचा फोन दावा बघू.”

बाईंनी पदराच्या गाठीतून आपला फोन काढून दिला. वर्षाराणीनं तो आपल्या यंत्राला जोडला, आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. “चार वर्षांचा? आन् बॅटरी बदलली न्हाई? मावशी, ही तर ठणठणीत हाय. कशी काय जपली?”

“जपली न्हाई,” बाई म्हणाल्या. “तिला कधी जागाच मिळाली न्हाई.”

“तेच बरं झालं मग.”

वर्षाराणी हसली आणि कामाला लागली. शिवकांताबाई उठल्या, पण बोळाच्या तोंडाशी येऊन थांबल्या. समोर भांड्यांची दुकानं होती, स्टीलच्या वाट्यांच्या उतरंडी उन्हात चकाकत होत्या. त्यांना सोमेशची पाठ दिसली. ताटावर वाकलेली, घामानं बनियन चिकटलेली पाठ. चार वर्षं त्यांनी ती रोज बघितली होती आणि तिच्यावर शंभर सोडून दुसरं काही वाचलं नव्हतं. आणि मग चार्जर. आणि मग पॉवर बँक. पोरानं काढून घेतलेली पिन आपण पुन्हा पुन्हा लावत राहिलो आणि वर शेंगदाणे पाठवले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना दुखलं. छातीत डाव्या बाजूला, नीट जागा दाखवता येईल असं दुखलं. बधिर पायात रक्त उतरताना मुंग्या येतात आणि पाऊल टेकवत नाही, तशा त्या तिथं उभ्या राहिल्या. एका हातगाडीवाल्यानं दोनदा ‘सरका मावशी’ म्हटलं, तेव्हा सरकल्या.

आठवडाभरात वसतिगृह रिकामं झालं. अकरा फोनांत नव्या बॅटऱ्या पडल्या, ते ज्याचे त्याला गेले. बाईंनी गुरुपादप्पांना सांगून कपाट खाली जिन्याजवळच्या गार खोलीत आणवलं. तनुजाला न्यायला अण्णाराव आले होते. सामान जीपमध्ये चढवताना ते बाईंना म्हणाले, “पोरीला जरा इचारा की किती येतेत. मला सांगंना.”

“मला बी विचारायचं न्हाई,” शिवकांताबाई म्हणाल्या. “दमलीय ती. चार दिवस तुमी बी नका विचारू.”

अण्णारावांनी हातातलं सामान खाली ठेवलं. काकूंना एवढं बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. तनुजानं जीपमधून हात हलवला नाही. नुसती बघत होती, जीप वळेपर्यंत.

रविवार आला. कपाट उघडायचं नव्हतं, बंद करायचं नव्हतं. तीन मजल्यांवर कुणीच नाही. नळातून थेंब पडला तरी खाली ऐकू येई. बाई चारपासूनच स्वयंपाकघरात बसून होत्या. फोन मिक्सरच्या जागी लावलेला. त्यांनी पाहिलं, बावन्न होतं. पिन काढली. सव्वापाच झाले तरी हात जाईना. वाटलं, आता तो काय म्हणणार हे आपल्याला माहीत आहे आणि ते खोटं आहे हेही माहीत आहे. आजवर निदान आपल्यापुरतं ते खरं होतं. साडेपाचला त्यांनी लावला.

“हां अव्वा.”

“हां.”

“जेवलो मी,” सोमेश म्हणाला. नेहमीचा प्रश्न यायच्या आधीच उत्तर देऊन मोकळा झाला.

बाईंच्या जिभेवर ‘किती’ आलं. किती वाजता, किती पगार, किती वय राहिलं. तो शब्द त्यांनी गिळला. गिळल्यावर दुसरं काही सापडेना. आठ वर्षांत पोराशी बोलायचे दुसरे शब्द त्यांनी ठेवलेच नव्हते. तिकडे कुठंतरी टेंपो मागे घेत असल्याची शिट्टी वाजत होती.

“अव्वा?” सोमेश म्हणाला. मग तेच. “चार्जिंग कमी हाय. ठेवू का?”

“कमी असू दे,” शिवकांताबाई म्हणाल्या. आवाज फुटला, तो त्यांनी सावरला नाही. “हाय तेवढं पुरे. मला काई विचारायचं न्हाई आज. तू बी बोलू नगंस, बोलावंसं वाटत नसंल तर. निसता चालू ठेव. बंद पडला की पडला.”

टेंपोची शिट्टी थांबली. बाई डोळे मिटून फोन कानाला धरून बसल्या. आता ठेवेल, आता ठेवेल. श्वास ऐकू येत होता, तो जवळचा होता.

मग काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. स्टूल असेल, खोकं असेल. पावलं. भिंतीशी खुडबुड. आणि मग ‘टुंग’ वाजलं.

बेचाळीस फोनांच्या सहवासात राहिलेल्या शिवकांताबाईंना तो आवाज झोपेतही ओळखू आला असता. पोरानं पिन लावली होती.

“हां अव्वा,” सोमेश म्हणाला. “तू काय करायलीस?”